बासष्टला हवाई दल जमिनीवरच होतं?

निवृत्त वैमानिक गावात अनुभव सांगायला आले की एक प्रश्न हमखास येतो: "1962च्या चीनविरुद्धच्या युद्धात तुमची विमानं उडालीच नाहीत ना?" गेली साठ वर्षं हा समज फिरतोय आणि तो चूक आहे.

खरं एवढंच की लढाऊ विमानं हल्ल्यासाठी वापरली नाहीत. चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल, ही दिल्लीची धास्ती होती. वाहतुकीच्या विमानांना मात्र उसंत नव्हती. ऑक्टोबर 1962मध्ये चंदीगडहून एएन-12 विमानांनी एएमएक्स-13 रणगाडे थेट लडाखमधल्या चुशूलला उतरवले. चुशूल चौदा हजार फुटांच्याही वर. तिथली हवा इतकी विरळ, की इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी लांब लागते. अशा ठिकाणी पोटात कित्येक टनांचा रणगाडा घेऊन उतरायचं! डाकोटा आणि पॅकेट विमानं डोंगरांमधून वाट काढत चौक्यांवर रसद टाकत होती, हेलिकॉप्टरं जखमींना आणत होती.

त्या वैमानिकांपुढे "उडालीच नाहीत" म्हणणं हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. विचारायचंच असेल तर हे विचारा: चुशूलला उतरताना खाली काय दिसायचं?