दिवा लागतो, ताट फिरतं, दूध मात्र गारच

मायक्रोवेव्ह तापत नसला तरी तो 'चालू' दिसतो, कारण दिवा, पंखा आणि ताट फिरवणारी मोटर यांचा अन्न तापवण्याशी काही संबंध नसतो. तापवतो तो मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी, आणि त्याला लागतात सुमारे ४,००० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे साधारण २,००० करतो. वीज साठवणारा कपॅसिटर आणि ती एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मिळून ते दुप्पट करतात. काही मॉडेलांत व्होल्टेज वाढवण्याचं हे काम इन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे असतं.

मॅग्नेट्रॉन स्वयंपाकघरात आला तो रडारमधून. १९४० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला ताकदवान रूप दिलं. पुढे अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याने त्यावर अन्न तापवून पाहिलं. मॅग्नेट्रॉन ही आत तापणारी तार असलेली निर्वात नळी आहे, त्यामुळे ती झिजते. दोन मिनिटांचं काम हळूहळू चार मिनिटांवर गेलं असेल, तर संशय तिच्यावर घ्यावा. काल ठणठणीत आणि आज एकदम गार, असं असेल तर दुसरंही काही असू शकतं.

आधी मोड आणि पॉवर तपासा. कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजणाऱ्या) मायक्रोवेव्हमध्ये ग्रिलची कॉइल वेगळी असते. ग्रिल तापतं म्हणून मॅग्नेट्रॉन ठीक आहे, असं नाही. मग पाव लिटर पाणी पूर्ण पॉवरवर एक मिनिट ठेवा. ८०० वॅटचा ओव्हन ते हिशेबाने ४५ अंशांनी तापवेल. कप आपला वाटा घेतो, तरी फरक हाताला सहज कळतो.

मला आवडणारी तपासणी मात्र विजेच्या मीटरवरची आहे. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसकट, बंद करा आणि मीटरचा लाल दिवा पाहा. मीटरवर ३,२०० इम्पल्स, म्हणजे एका युनिटला दिवा इतक्या वेळा लुकलुकणार, असं छापलेलं असेल, तर १,२०० वॅट ओढणाऱ्या ओव्हनला तो साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. बराच वेळ थांबून एकदा लुकलुकला, तर वीज मॅग्नेट्रॉनपर्यंत पोचत नाही किंवा त्याची तार तुटली आहे. अशा वेळी दाराचे स्विच, रिले (विजेवर चालणारा स्विच), थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) आणि हाय व्होल्टेज फ्यूज हे संशयित. उलट ओव्हन मोठ्याने घुमतोय, मीटर धावतोय आणि पाणी गारच असेल, तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झालेला असू शकतो. लगेच प्लग काढा.

इथपर्यंतच आपलं काम. मागचं कव्हर उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार उरू शकतो. दाराचा स्विच जोडतारेने 'बायपास' करणं तर निव्वळ वेडेपणा.

मेकॅनिक आला की आधी स्विच आणि डायोड पाहायला सांगा, ते स्वस्त असतात. आणि साधा मल्टीमीटर लावून 'डायोड ओपन आहे', म्हणजे आतून तुटला आहे, असं त्याने जाहीर केलं, तर विश्वास ठेवू नका. हा डायोड आतून अनेक डायोडांची माळ असतो. मल्टीमीटरच्या एवढ्याशा व्होल्टेजला तो धडधाकट असूनही दाद देत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी जोडून तपासायला सांगा.