खाली ओढलेला फॉर्म्युला बदलत का नाही?

कोथरूडमधल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब घ्या. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के घ्यावा, असं आदर्श उपविधी सांगतात. सेक्रेटरींनी एक्सेलमध्ये बी स्तंभात प्रत्येक फ्लॅटचा बांधकाम खर्च भरला, दर ई१ या सेलमध्ये ठेवला आणि सी२ मध्ये =बी२*ई१/१२ हा फॉर्म्युला दिला. पहिल्या फ्लॅटची महिन्याची रक्कम बरोबर आली. फॉर्म्युला खाली ओढला, तर बाकी सगळ्यांना शून्य!

एक्सेल इथे चुकलेलं नाही. सी२ मधलं बी२ हा पक्का पत्ता नसतो. ‘डावीकडचं शेजारचं घर’ एवढीच ती खूण असते. एक ओळ खाली गेलं की बी२ चं बी३ होतं आणि ते आपल्याला हवंच असतं. पण त्याच नियमाने ई१ चं ई२ होतं, आणि तो सेल रिकामा. गुणाकारात रिकामा सेल म्हणजे शून्य. दर $ई$१ असा लिहिला की तो जागचा हलत नाही. फॉर्म्युल्यात ई१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर लागतात. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये फॉर्म्युला उतरवताना प्रोग्रॅम प्रत्येक पत्त्यासाठी विचारायचा, तसाच ठेवू की जागेप्रमाणे बदलू? आता ते उत्तर आपण डॉलर लावून आधीच देतो.

सगळ्या ओळींत एकच आकडा येतो, तेव्हा माणूस जास्त गोंधळतो. अशा वेळी आधी सी३ वर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. तिथे $बी$२ दिसलं, तर डॉलर नको तिथे लागलाय. बी३ बरोबर दिसतंय आणि आकडा मात्र जुनाच, तर फॉर्म्युला ठीक आहे. तो अजून मोजलाच गेलेला नाही.

कुठला सेल कुणावर अवलंबून आहे, याची नोंद एक्सेल ठेवतं. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सेल तेवढे शिळे ठरवून पुन्हा मोजतं. मॅकिंटॉशवर १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या एक्सेलपासूनची ही युक्ती. तरीही अवाढव्य फाइलमध्ये वेळ लागतोच, म्हणून मॅन्युअल गणनेची, म्हणजे आपण सांगू तेव्हाच मोजण्याची, सोय आहे. ती चालू असली की खाली ओढलेले सेल पहिल्याचाच आकडा दाखवत राहतात, एफ९ दाबेपर्यंत. खरी मेख पुढे आहे. ही सेटिंग उघडलेल्या सगळ्या फाइलींना एकदम लागू होते आणि ती ठरते सर्वांत आधी उघडलेल्या फाइलवरून. ऑफिसची जड फाइल आधी उघडली असेल, तर सोसायटीचा हिशेबही मॅन्युअल होतो, आणि सेव्ह केला की ती सेटिंग त्याच्याबरोबर खजिनदारांच्या लॅपटॉपवर पोचते. फॉर्म्युलाज टॅबमधल्या कॅल्क्युलेशन ऑप्शन्समध्ये ऑटोमॅटिक निवडा.

सेलमध्ये आकड्याऐवजी फॉर्म्युलाच दिसत असेल, तर बहुधा सेलचं फॉरमॅट टेक्स्ट आहे. नुसतं जनरल करून भागत नाही. नंतर सेलवर एफ२ आणि मग एंटर दाबावं लागतं.