जुन्या यंत्रहत्यारांची ओळख (ग्रामीण विदर्भ)

लेथवर (काम फिरवत कापणाऱ्या यंत्रावर), ड्रिल मशीनवर किंवा फिटरच्या टेबलावर वापरून झालेली हत्यारे भंगारातून घेतल्यावर ती कोणती, कोणत्या मापाची आणि कोणत्या पोलादाची आहेत हे ठरवण्याची रीत. खेड्यात घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये लेथ मांडून पंपाचे शाफ्ट, मळणी यंत्राचे बुश आणि ट्रॅक्टरच्या पिना करणाऱ्याला ही जाण हवीच. नवा टॅप, म्हणजे छिद्रात आटे पाडायचे हत्यार, महाग पडतो. जुना किलोवर मिळतो, पण त्या ढिगातून कामाचा नग निवडायला डोळा तयार असावा लागतो.

विदर्भातला हा माल मुख्यतः कापसाच्या धंद्यातून आला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा येथे गिरण्या आणि यवतमाळ, अकोला, खामगावकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. यंत्रे बहुतांशी इंग्लंडची, म्हणून त्यांच्या दुरुस्तीची हत्यारेही इंचातली. कारखाने बंद पडत गेले तशी हत्यारे भंगारवाल्यांकडे आणि निवृत्त टर्नर-फिटरांच्या पेट्यांत गेली. कोळसा खाणी आणि सरकारी कारखान्यांच्या लिलावातूनही माल येतो. नगावर सरकारी किंवा रेल्वेची खूण कोरलेली असेल तर लिलावाची पावती पाहिल्याशिवाय घेऊ नये. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात माल बाळगणाराही अडकतो.

ओळखीची सुरुवात धुण्यापासून होते. गंजलेला नग रात्रभर डिझेलमध्ये ठेवून पितळी ब्रशने घासावा, पुसून कोरडा करावा आणि दांड्यावर खडू घासावा. खोलातली अक्षरे पांढरी उठून दिसतात. सफाईसाठी सँडर किंवा ग्राइंडर कधीही लावू नये. त्याने गंजाबरोबर शिक्काही जातो आणि शिक्का गेलेल्या हत्याराची निम्मी माहिती कायमची जाते.

यानंतरचा प्रश्न इंच की मिलिमीटर, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण मिस्त्री लोक आजही सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सुताचा बोल्ट अर्ध्या इंचाचा. एम १२ चा टॅप १२ मि.मी.चा असून त्याचे आटे १.७५ मि.मी. अंतरावर असतात, अर्ध्या इंचाचा टॅप १२.७ मि.मी.चा. अर्ध्या इंचातही दोन जाती आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या ब्रिटिश पद्धतीत इंचाला १२ आटे व ५५ अंशांचा कोन, तर अमेरिकन युनिफाइड जाडसर पद्धतीत इंचाला १३ आटे व ६० अंश. नट-बोल्ट असे मिसळले तर सुरुवातीला बसल्यासारखे वाटतात, मग अडकतात, आणि जोर लावला की आटे जातात. म्हणून बाजारात जाताना दोन्ही पद्धतींचे पिच गेज (आट्यांत बसवून पाहायच्या दातेरी पानांचा संच) खिशात असावे. जिनिंगच्या पेटीतला बिननावाचा टॅप आधी व्हिटवर्थच्या पानाशी लावून पाहावा. टॅपचा संच तीन नगांचा असतो. अनेक संचांत पहिल्याच्या दांड्यावर एक कडे, दुसऱ्याच्या दोन आणि शेवटच्यावर एकही नसते. सुटा, बिनकड्याचा टॅप मिळाला तर तो शेवटचा असू शकतो. कोऱ्या छिद्रात तो एकटा चालवला की तुटतो.

पोलाद ठिणगीवरून कळते. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी पिवळी-पांढरी, फाटे फुटणारी. हायस्पीड पोलादाची मंद, तांबूस, फाटे जवळपास नसलेली. ठिणगी पाहायला दांड्याचे टोक ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला अलगद टेकवावे, धार नव्हे. कार्बन पोलादाचा बरमा २००-२५० अंशांपासून मऊ पडू लागतो, हायस्पीडचा ६०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. एवढ्यावरून लेथवर कोणता चालवायचा हे ठरते. कार्बाइड (हत्यारांच्या धारेसाठी वापरतात तो अतिकठीण पदार्थ) हातातच ओळखू येते, कारण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असते.

निमुळत्या दांड्याचे बरमे, सेंटर (काम टोकाला टेकवून धरणारा अणकुचीदार नग) व स्लीव्ह (लहान दांडा मोठ्या भोकात बसवायची नळी) मोर्स टेपरचे, म्हणजे ठरावीक निमुळतेपणाचे, असतात. स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात अमेरिकेत आणलेल्या या निमुळतेपणात सुमारे २० मि.मी. लांबीला व्यास १ मि.मी. कमी होतो. जाड टोक १७.७८ मि.मी. भरले तर दोन नंबर, २३.८२५ भरले तर तीन नंबर. १४ ते २३ मि.मी.च्या बरम्यांना सहसा दोन नंबरचा दांडा असतो. दांड्यावर खरवड उठलेली असली तर नग सोडून द्यावा. तो मशीनचे चांगले भोकही खराब करतो.

मोजणीच्या हत्यारांत मिटुटोयो, मूर अँड राइट, स्टॅरेट ही नावे दिसली की विकणारा भाव चढवतो, पण झिजलेल्या जबड्याला नाव वाचवत नाही. व्हर्निअर (सरकत्या जबड्याचे मोजणीचे हत्यार) बंद करून उजेडासमोर धरावा. जबड्यांमधून प्रकाशाची फट दिसली तर तो फक्त ढोबळ कामाचा. तपासणीसाठी नवे ६२०३ बेअरिंग सोबत न्यावे: बाहेरचा व्यास ४० मि.मी., भोक १७ मि.मी. त्याची रुंदी मात्र प्रमाण धरू नये, तिच्यात मापाची सूट जास्त असते. इंची मायक्रोमीटर टाकून देण्याची घाई नको. त्याच्या एका फेऱ्यात ०.०२५ इंच सरकतो, आणि जिनिंगच्या जुन्या सुट्या भागांची मापे त्यानेच सरळ येतात.

सर्वांत फसवे ते गिअर कटर, म्हणजे गिअरचे दाते कापायचे हत्यार. त्यावर क्रमांक असतो, पण मॉड्यूल पद्धतीत (दात्याचे माप मि.मी.त) एक नंबर १२-१३ दात्यांचा आणि आठ नंबर १३५ च्या पुढचा. इंची डायमेट्रल पिच पद्धतीत हा क्रम नेमका उलटा. म्हणून नंबराआधी ‘एम’ कोरले आहे की ‘डी.पी.’, ते पाहावे.

काही नगांवर कोणताच शिक्का नसतो, कारण ते एखाद्या टर्नरने जुन्या कानशीपासून स्वतः घासून केलेले असतात. त्यांची ओळख पाठीवर राहिलेल्या कानशीच्या दात्यांवरून पटते. पोलाद बहुधा उच्च कार्बनचे निघते. ठिणगीने खात्री करून ते कमी वेगात, पितळ-ब्राँझच्या बुशांसाठी वापरावे.