अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज : तक्रार कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांनिशी करावी

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात) नाव नोंदवलेला प्रत्येक विद्यार्थी, मग तो पूर्णवेळ शिकत असो वा एकाच विषयापुरता आलेला असो, तक्रार करण्यास पात्र असतो. मात्र ग्रेडविषयीची, भेदभावाची आणि शैक्षणिक नोंदींविषयीची तक्रार यांचे मार्ग आणि मुदती वेगवेगळ्या आहेत. चुकीच्या दारी अर्ज गेला की त्यातच मुदतीचे दिवस निघून जातात, म्हणून आपली तक्रार नेमकी कशाची आहे हे आधी ठरवावे.

ग्रेडविषयी सर्वसाधारण क्रम असा असतो, की प्रथम प्राध्यापकांशी बोलावे, त्यातून मार्ग न निघाल्यास विभागप्रमुख किंवा डीन यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्यानंतर समितीकडे दाद मागावी. यासाठीची मुदत प्रत्येक कॉलेज आपल्या कॅटलॉगमध्ये किंवा विद्यार्थी पुस्तिकेत नमूद करते. ‘मला जास्त मिळायला हवे होते’ एवढ्यावर असा अर्ज सहसा टिकत नाही. कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच प्राध्यापकांनी दिलेला ग्रेड अंतिम मानला जातो आणि चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अकार्यक्षमता यांपैकी काही असेल तरच तो बदलता येतो. सिलॅबसमध्ये प्रकल्पाला 20 टक्के भार लिहिलेला असताना प्रत्यक्षात 10 टक्केच धरला गेला, असे दाखवता आले तर तो खरा मुद्दा होतो. त्यासाठी सिलॅबस, तपासून मिळालेले पेपर, प्राध्यापकांशी झालेला ईमेल-व्यवहार आणि ऑनलाइन गुणपत्रकाची प्रत जोडावी. ही प्रत सत्र चालू असतानाच काढून ठेवावी. सत्र संपल्यावर ते पान विद्यार्थ्याला उघडता येईलच असे नाही.

भेदभावाच्या तक्रारीमागे संघराज्याच्या कायद्यांचे बळ आहे. वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांसाठी 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे टायटल सिक्स (म्हणजे सहावा भाग), लिंगाधारित भेदभाव व लैंगिक छळ यांसाठी 1972 चे टायटल नाइन आणि अपंगत्वासाठी 1973 च्या पुनर्वसन कायद्याचे कलम 504 लागू होते. टायटल नाइनसाठी कॉलेजने समन्वयक नेमलेला असतो. कॉलेजबाहेर संघराज्याच्या शिक्षण खात्यातील नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येते. तेथे सर्वसाधारणपणे घटनेपासून 180 दिवसांत तक्रार पोहोचावी लागते आणि कॉलेजची अंतर्गत प्रक्रिया आधी वापरली असल्यास ती संपल्यानंतर 60 दिवसांत. या तक्रारीस शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तक्रार केली म्हणून विद्यार्थ्यावर सूड उगवणे हा स्वतंत्र कायदेभंग आहे, आणि भीतीपोटी गप्प बसणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. अपंगत्वामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा अन्य सोय हवी असल्यास ती विद्यार्थ्यानेच मागायची असते. शाळेत मिळणारी सोय कॉलेजात आपोआप चालू राहत नाही.

नोंदींबाबत 1974 चा ‘फर्पा’ (FERPA) हा शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आहे. विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला, की त्याचे वय 18 पेक्षा कमी असले तरी तेथील नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतो. नोंदी पाहण्याची विनंती केल्यास कॉलेजने त्या 45 दिवसांच्या आत दाखवाव्या लागतात. नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती आणि ती नाकारल्यास सुनावणी मागता येते, पण प्राध्यापकांच्या मूल्यमापनाशी मतभेद आहे म्हणून ग्रेड बदलून घेण्यासाठी हा मार्ग चालत नाही.

जबाबदाऱ्यांमध्ये आचारसंहिता पाळणे, दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून न देणे आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल नियमित वाचणे या गोष्टी येतात. शिस्तभंगाची नोटीस तेथेच आली आणि न वाचल्यामुळे सुनावणीची तारीख हुकली, असे होऊ देऊ नये. गैरवर्तनासाठी सार्वजनिक कॉलेजातून काढून टाकण्यापूर्वी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व 1961 च्या ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा’ खटल्यात अपील न्यायालयाने मान्य केले.

एफ-1 व्हिसावरील (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावरील) विद्यार्थ्यांनी एक काळजी अधिक घ्यावी. ज्या वर्गाबद्दल तक्रार आहे तो रागाच्या भरात सोडू नये. हा व्हिसा टिकवण्यासाठी पदवी अभ्यासक्रमात सत्राला साधारणपणे 12 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असावे लागतात, त्यामुळे वर्ग सोडण्यापूर्वी कॉलेजातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी.