उतारावरची कॅम्परव्हॅन आणि तीन अंशांचा हिशेब

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशरमध्ये, ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाचा एक रस्ता आहे. तिथं गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडला की ती चक्क चढाकडं सरकतेय असं वाटतं. पूर्वी लोकांना हा विजेच्या आकर्षणाचा प्रताप वाटायचा, म्हणून हे नाव. खरं कारण दृष्टिभ्रमाचं आहे. भोवतालच्या जमिनीच्या ठेवणीमुळं क्षितिजाचा अंदाज चुकतो आणि खरा चढ उतारासारखा भासतो. तो चढ आहे ८६ फुटांना एक फूट, म्हणजे पाऊण अंशाहूनही कमी. लेहजवळची मॅग्नेटिक हिल याच जातीची.

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन डोंगराळ भागात मुक्काम करणाऱ्यांनी हे उदाहरण मनात पक्कं ठेवावं, असं मला वाटतं. कॅम्पसाइटवरची जागा डोळ्यांना सपाट दिसते, त्यावर विसंबून लोक गाडी लावतात, आणि रात्री पलंगावरून घरंगळायला लागल्यावर चाकाखाली हाताला येईल ते सरकवत बसतात. गाडी समतल करण्यात उचलण्याचं काम सोपं आहे. खरं काम मोजण्याचं आहे.

कललेल्या गाडीत झोप नीट लागत नाही, दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, बेसिनचं पाणी कोपऱ्यात साचतं. हे सगळं सोसता येईल. फ्रिजचं मात्र तसं नाही. अनेक कॅम्परव्हॅनमध्ये गॅसवर चालणारा शोषण फ्रिज असतो. त्याची मूळ रचना १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी केली. त्यात पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, एकही फिरणारा भाग नाही. अमोनिया विरघळलेलं पाणी तळाच्या बॉयलरमध्ये ज्योतीनं तापतं. अमोनियाचे बुडबुडे बारीक नळीतून वर चढताना थोडंथोडं पाणीही सोबत उचलतात. वर पोचल्यावर पाणी वेगळं होतं, आणि अमोनियाची वाफ मागच्या जाळीत निवून तिचा द्रव होतो. हा द्रव उतरत्या नळीतून फ्रिजच्या आतल्या भागात येतो. तिथं हायड्रोजन भरलेला असतो. एकूण दाबातला बराचसा वाटा हायड्रोजनचा असल्यामुळं अमोनियाची थंड तापमानालाही वाफ होते, आणि ती होताना फ्रिजमधली उष्णता शोषली जाते. मग हे मिश्रण खाली उतरतं, ओघळणारं पाणी त्यातला अमोनिया शोषून घेतं, हायड्रोजन मागं फिरतो आणि अमोनियाचं पाणी पुन्हा बॉयलरकडं निघतं.

म्हणजे वर चढवण्याचं काम ज्योतीचं आणि परत आणण्याचं गुरुत्वाकर्षणाचं. नळ्यांना दिलेला उतार अगदी थोडा असतो. गाडी कलली की कुठल्यातरी नळीतला उतार नाहीसा होतो, द्रव तिथंच तुंबतो आणि बॉयलरपर्यंत पोचत नाही. ज्योत मात्र जळतच राहते. बॉयलर प्रमाणाबाहेर तापतो, आणि आतून गंज लागू नये म्हणून मिसळलेलं सोडियम क्रोमेट घट्ट होऊन नळीत बसतं. ही यंत्रणा कायमची बंद केलेली असते, त्यामुळं चोंदलेली नळी साफ करता येत नाही. अख्खा भाग बदलावा लागतो. अशा फ्रिजच्या पुस्तिकेत साधारण तीन अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली आढळते. चालत्या गाडीत हा प्रश्न येत नाही, कारण वळणावळणावर कल बदलत राहतो आणि द्रव हलता राहतो. धोका असतो तो एकाच बाजूला कलून रात्रभर उभं राहण्यात. कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज याबाबतीत बराच सोशिक आहे.

आता मोजायचं कसं? आपल्याकडं गवंडी वापरतात ती पाणसळ इथं उत्तम. तिच्यातली बुडबुड्याची नळी सरळ दिसते, पण आतून किंचित कमानदार असते आणि बुडबुडा त्या कमानीच्या सर्वात उंच जागी जातो. कमानीची त्रिज्या एक मीटर असेल, तर एका अंशाच्या कलानं बुडबुडा सुमारे १७ मिलिमीटर सरकतो. म्हणून नळी जितकी कमी वाकलेली तितका पाणसळीला बारीक कलही जास्त कळतो. ही युक्ती १६६१च्या सुमारास फ्रेंच अभ्यासक मेल्किसेदेक तेव्हनो यानं काढली. पाणसळ खरी आहे का, हे ओळखणंही सोपं आहे. एकदा बुडबुडा कुठं थांबला ते बघा, मग तिथंच तिची टोकं उलटसुलट करून पुन्हा बघा. दोन्ही वेळा बुडबुडा जागेच्या त्याच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला तर पाणसळ बरोबर. मोबाइलमधल्या अ‍ॅपलाही हीच परीक्षा लावावी. मोबाइल एकदा सरळ, एकदा अर्धा फिरवून ठेवावा आणि दोन आकड्यांची सरासरी काढावी, म्हणजे सेन्सरची किंवा पाठीवरच्या कव्हरची चूक आपोआप वजा होते. मोजमाप फ्रिजच्या आतल्या तळावर घ्यावं, कारण समतल व्हायला हवा आहे तो फ्रिज.

अंशांवरून सेंटिमीटर काढायला एक सोपा नियम आहे: दर ५७ सेंटिमीटर अंतराला एका अंशासाठी एक सेंटिमीटर. युरोपात फिएट ड्युकाटो या मालवाहू व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परव्हॅन पुष्कळ. ड्युकाटोच्या लांब प्रकारात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४.०३५ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं सुमारे १.८ मीटर. गाडी लांबीच्या दिशेनं तीन अंश कललेली असेल तर २१ सेंटिमीटर उचलावी लागेल. रुंदीच्या दिशेनं तेवढाच कल असेल तर साडेनऊ सेंटिमीटर पुरतात. चाकाखाली ठेवायला बाजारात मिळणारे पायऱ्यांचे प्लास्टिक रॅम्प साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत उंची देतात. म्हणजे तीच जागा, तेच रॅम्प, पण गाडी उताराला आडवी लावली की काम होतं आणि उभी लावली की होत नाही. उतार तिरका आला तर सर्वात वाईट, कारण मग तीन चाकं वेगवेगळ्या उंचीवर घ्यावी लागतात. म्हणून रॅम्प बाहेर काढण्याआधी गाडी फिरवून बघावी. निम्मं काम बऱ्याचदा तिथंच होतं.

रुंदीच्या दिशेनं उचलताना खालच्या बाजूची दोन्ही चाकं एकाच वेळी चढवावीत. एकच चाक उचललं तर उंचीचा काही भाग स्प्रिंग खाऊन टाकते आणि उरलेला चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पीळ देतो. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, हवी ती पायरी आली की थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून पाचर लावायची. ओल्या गवतावर इंजिनची ताकद मिळणारं चाक गरगर फिरून रॅम्प जोरात भिरकावू शकतं, म्हणून रॅम्पच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. हँडब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांवर असतो. ती चाकं जॅकनं जमिनीवरून उचलली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. कोपऱ्यातले खाली सोडायचे पाय गाडीचं हेलकावणं थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर गाडी तोलू नये. हायड्रॉलिक यंत्रणा हे सगळं बटणावर करते, पण तिचं वजन गाडीच्या वजनमर्यादेत धरलं जातं, आणि ३,५०० किलोंत बसवलेल्या गाडीत मग सामानावर काट मारावी लागते.

जमीन मऊ असेल तर आणखी एक हिशेब. ३,५०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ८७५ किलो येतात. टायरमध्ये हवेचा दाब पाच बार असेल, तर टायर जमिनीला जेमतेम पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर टेकतो आणि तिथं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे पाच किलोंचा भार पडतो. खाली ३० बाय ६० सेंटिमीटरची न वाकणारी जाड फळी घातली की हा भार दहाव्या हिश्शावर येतो. नाहीतर संध्याकाळी नीट समतल केलेली गाडी रात्रीच्या पावसात एका बाजूनं रुतते. फळी टायरपेक्षा रुंद हवी, टायरची कड बाहेर लोंबता कामा नये. आणि मुक्काम दोन-तीन रात्रींचा असेल तर सकाळी पाणसळ पुन्हा एकदा फ्रिजमध्ये ठेवून बघावी.