रॉक माहितीपट : प्रामाणिकपणाचा प्रश्न

रॉक माहितीपट म्हणजे एखाद्या रॉक बँडच्या तालमी, ध्वनिमुद्रण, दौरे, भांडणे आणि फाटाफूट यांचे चित्रण करणारा माहितीपट. मंचावरची मैफल जशीच्या तशी दाखवणारा चित्रपट याहून वेगळा. त्यात बँडला लोकांसमोर जसे दिसायचे असते तसेच ते दिसते. माहितीपटाकडून मात्र मंचामागचे काही कळावे, अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते.

या प्रकाराचा पाया अमेरिकेत १९६० च्या आसपास घातला गेला. खांद्यावर पेलता येणारा १६ मिमी कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून चालणारा सुटसुटीत ध्वनिमुद्रक हाती आल्यावर रॉबर्ट ड्र्यू, रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनबेकर, मेझल्स बंधू यांनी निवेदन टाळून नुसते पाहत राहण्याची पद्धत रुजवली. तिला ‘डायरेक्ट सिनेमा’ म्हणतात. गायक बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावरचा पेनबेकर यांचा ‘डोन्ट लुक बॅक’ (१९६७) हे तिचे गाजलेले उदाहरण. कॅमेरा गप्प राहिला की खरे आपोआप समोर येते, हा समज तेव्हापासून घट्ट झाला. तो अपुरा आहे. काय चित्रित झाले यापेक्षा त्यातले काय ठेवले, आणि ठेवायचे की काढायचे हे कोणी ठरवले, यावर माहितीपटाचा खरेपणा जास्त अवलंबून असतो.

बीटल्सच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. जानेवारी १९६९ मध्ये मायकेल लिंडसे-हॉग यांनी बँडच्या तालमी आधी लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत आणि मग सॅव्हिल रो येथील बँडच्याच ॲपल कंपनीच्या इमारतीत चित्रित केल्या. सुमारे ६० तासांचे चित्रण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमले. त्यातून निघालेला ‘लेट इट बी’ जेमतेम ८० मिनिटांचा. तो मे १९७० मध्ये आला तेव्हा बँड फुटल्याची बातमी जगभर झाली होती आणि लोकांनी त्यात फुटीची कारणेच शोधली. बँडमधल्या पॉल मॅककार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांची वाजवण्यावरून झालेली कुरबुर सर्वांच्या लक्षात राहिली. पण १० जानेवारीला हॅरिसन बँड सोडून निघून गेले होते, ही त्या महिन्यातली सर्वांत मोठी घटना चित्रपटात नव्हतीच.

त्याच सामग्रीतून पीटर जॅक्सन यांनी २०२१ मध्ये जवळजवळ आठ तासांची ‘गेट बॅक’ ही तीन भागांची मालिका केली. हॅरिसन यांचे जाणे तिच्यात आहे. उपाहारगृहातल्या फुलांच्या कुंडीत लपवलेल्या मायक्रोफोनने टिपलेले बँडमधलेच जॉन लेनन आणि मॅककार्टनी यांचे त्याविषयीचे बोलणेही आहे, आणि मायक्रोफोन लपवला होता हे प्रेक्षकाला सांगितले आहे. पण मालिकेचे मोल कळते ते एका साध्या प्रसंगात. लेनन अजून आलेले नाहीत. मॅककार्टनी बेस गिटार साध्या गिटारसारखी खाजवत बसले आहेत, तोंडाने अर्थ नसलेले शब्द. हॅरिसन जांभई देतात. रिंगो स्टार नुसते बघत आहेत. तेच तेच पुन्हा वाजवता वाजवता दोन-तीन मिनिटांत त्या घोळातून एका गाण्याचा सांगाडा उभा राहतो. जांभई कापली असती तर प्रतिभेचा चमत्कार उरला असता; ती ठेवल्यामुळे काम दिसते. बँडचे आयुष्य बहुतांशी वाट पाहण्यात आणि कंटाळण्यात जाते. हा कंटाळा ज्या माहितीपटात औषधालाही सापडत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

अर्थात जॅक्सन यांची मालिकाही निर्लेप नाही. मॅककार्टनी, स्टार, लेनन यांच्या पत्नी योको ओनो आणि हॅरिसन यांच्या पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन हे तिचे निर्माते आहेत. कॅमेरे बंद असतानाही ध्वनिमुद्रण चालू राहिले होते, त्यामुळे काही संवादांवर दुसऱ्या वेळची दृश्ये बसवावी लागली. संकलनात बरेच निर्णय घ्यावे लागले, असे मालिका सुरुवातीलाच लिहून कबूल करते. हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

‘गिमी शेल्टर’ (१९७०) मध्ये हा कबुलीजबाब चित्रपटाच्या रचनेतच आहे. अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांचा हा चित्रपट रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या अमेरिका दौऱ्यावर आहे. ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील अल्टामाँट येथे मोफत मैफलीत, मंचाजवळ बंदोबस्ताला असलेल्या हेल्स एंजल्स टोळीतल्या एकाने १८ वर्षांच्या मेरेडिथ हंटरला भोसकून मारले. कॅमेऱ्यात ते आले. बँडचे गायक मिक जॅगर संकलनाच्या टेबलाशी बसून ती दृश्ये पाहतात आणि फिल्म मागे घ्यायला सांगतात. मग डेव्हिड मेझल्स हंटरच्या हातातले पिस्तूल दाखवतात. बँडला स्वतःचे चित्रण पाहताना दाखवल्यामुळे प्रेक्षकालाही आपण कापून-जोडून केलेली वस्तू पाहतो आहोत याची जाणीव राहते.

जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांचा मेटॅलिका या बँडवरचा ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ (२००४) वेगळ्याच कारणाने पटतो. त्याचा खर्च पुढे बँडनेच उचलला. म्हणजे नको ते काढून टाकायची पूर्ण सोय होती. तरी महिना ४०,००० डॉलर घेणारे समुपदेशक फिल टाउल यांच्यासमोरची बोलणी, बँडचे गायक जेम्स हेटफील्ड यांचे व्यसनमुक्तीसाठी जाणे, परतल्यावर ठराविक वेळेपलीकडे काम न करण्याचा त्यांचा हट्ट, हे सगळे त्यात आहे. ड्रमवादक लार्स उलरिक वडिलांना नवे मुद्रण ऐकवतात, तर ते सरळ पुसून टाकायला सांगतात. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

मुलाखती असल्या की माहितीपट प्रचारकी होतो, असेही नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडवरचा जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ (२०१०) बराचसा मुलाखतींवरच उभा आहे. तिथे प्रत्येक सदस्याला निवांत बोलू दिले आहे.

शेवटी हक्कांचा प्रश्न उरतो. अल्टामाँटचे चित्रण लोकांसमोर येऊ देणाऱ्या रोलिंग स्टोन्सनीच १९७२ च्या दौऱ्यावर रॉबर्ट फ्रँक यांनी केलेला माहितीपट मात्र न्यायालयामार्फत अडवला. पुढे तो मोजक्याच वेळा, तेही फ्रँक स्वतः हजर असतील तर, दाखवण्याची मुभा मिळाली.