काचेचं रेलिंग बसवण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठल्याही नव्या बंगल्यात मोजमापाला गेलं की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काच किती एमएमची लावणार?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आम्ही विचारतो : ही काच बसणार कशावर? खाली स्लॅब आहे, बीम आहे, की चार इंची विटेची भिंत? रेलिंग पडायचं असेल तर ते बहुतेक वेळा काचेत नाही, पायाशी पडतं. म्हणून हे पत्रक पायापासून सुरू करतोय.

बोल्ट कशात जातोय?

कठड्यावर माणूस रेलतो, लग्नकार्यात पाच-सहा जण एकदम टेकून उभे राहतात, पोरं धावत येऊन आदळतात. हा जोर आम्ही वरच्या कडेवर दर मीटर लांबीला ७५ किलो धरतो. कठडा मीटरभर उंच, आणि काच खाली चॅनेलमध्ये, म्हणजे तिला उभी धरणाऱ्या, बोल्टांनी बसवलेल्या धातूच्या पन्हळीत, चार इंच उतरलेली. म्हणजे ही तरफच झाली. वरचे ७५ किलो खाली चॅनेलवर दहापट होऊन, साडेसातशे किलोच्या घरात जातात आणि बोल्ट उपटायला बघतात. १२ एमएमची टफन (तापवून मजबूत केलेली) काच एवढा जोर निमूट सोसते. वरून रेटली तर इंचभर वाकेल आणि परत सरळ होईल. ते पाहून घाबरू नका. पण बोल्ट जर फरशीखालच्या मालात अडकलेला असेल, तर तो काही सोसत नाही.

आपल्याकडे हे हटकून होतं. स्लॅब, त्यावर दीड-दोन इंच माल, त्यावर शहाबादी किंवा ग्रॅनाइट. गच्ची असेल तर मध्ये ब्रिकबॅट कोबाही, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर. चार इंची बोल्ट मारला तर त्यातला निम्माअधिक फरशी-मालातच संपतो आणि खऱ्या काँक्रीटमध्ये जेमतेम टोक जातं. वरून सगळं घट्ट दिसतं. म्हणून आम्ही आधी एक भोक पाडून बघतो. ड्रिलची पूड लालसर आली की खाली वीट आहे. पांढुरकी-करडी आली आणि मशीन जड चालू लागलं की काँक्रीट लागलं. तिथून पुढे बोल्टाला किती खोली मिळते ते मोजूनच बोल्टाची लांबी ठरते. विटेच्या पॅरापेटवर काचेचं चॅनेल आम्ही बसवत नाही. आधी त्यावर सळया घालून काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या, नाहीतर चॅनेल बाहेरच्या बाजूने स्लॅबच्या कडेला लावू. मालक नाराज होतात, चालतं.

स्लॅबच्या अगदी कडेला ठोकून फुगणारा बोल्ट मारला की काँक्रीटचा कोपराच फुटून निघतो. तिथे केमिकल अँकर वापरावा लागतो : भोक पाडायचं, पंपाने फुंकायचं, ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं, मग केमिकल भरून रॉड फिरवत आत सारायचा. हे फुंकणं-घासणं कंटाळवाणं, म्हणून नेमकं तेच वगळलं जातं. पूड आत राहिली की केमिकल काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटतं. काम चालू असताना तुम्ही उभे असाल तर एवढं एकच बघा. मे महिन्यात हे काम आम्ही सकाळी लवकर उरकतो, कारण तापलेल्या स्लॅबवर केमिकल काही मिनिटांत घट्ट होऊ लागतं आणि रॉड अर्ध्यावरच अडकतो.

आता काच

घरात वापरायची ती टफन काच. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड केली की तिची ताकद साध्या काचेच्या चार-पाच पट होते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, एक सूतही घासता येत नाही. म्हणून माप चुकलं तर ती काच वायाच. टफन काचेच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असावा. शंका असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरक्या उन्हात काचेकडे बघा, टफन काचेवर गडद ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. साध्या काचेवर ती दिसत नाही.

टफन काचेचा एक दोष सांगायलाच हवा. कुणी हात न लावता, मध्यरात्रीसुद्धा, ती आपोआप फुटू शकते. काच बनताना आत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहिला तर तो हळूहळू फुगतो आणि एक दिवस अख्खी काच दाण्यांत उतरते. नजर लागली, शेजाऱ्यांनी दगड मारला, असं काहीबाही बोललं जातं, पण कारण बहुतेक वेळा हे असतं किंवा बसवताना कडेला उडालेला टवका. असं क्वचितच घडतं. कारखान्यात काच पुन्हा भट्टीत तापवून काही तास ठेवली (याला हीट सोक म्हणतात) तर असा कण असलेल्या बहुतेक काचा तिथेच फुटून जातात. याचे पैसे जादा पडतात. पहिल्या मजल्याच्या वर, जिथे खाली रस्ता किंवा अंगण आहे, तिथे ते पैसे वाचवू नका.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबीचा पारदर्शक थर, सहसा १.५२ एमएमचा. ६ अधिक ६ ची काच म्हणून १३.५२ एमएम भरते. फुटली तरी दाणे थराला चिकटून राहतात, खाली कुणाच्या डोक्यावर पडत नाहीत. दोनपैकी एक फुटली तर दुसरी उभी असते. दोन्ही टफन काचा एकदम फुटल्या तर मात्र पॅनल ओल्या चादरीसारखं लोंबतं, म्हणून वर स्टीलचा पाइप किंवा टॉप रेल हवाच.

यात सोलापूरच्या उन्हाचा वेगळा हिशेब आहे. पीव्हीबी गरम झाला की मऊ पडतो, आणि मऊ पडला की दोन काचा एकजीव न राहता वेगवेगळ्या वाकू लागतात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दिवशी पश्चिमेच्या गच्चीवरची काच हवेपेक्षाही जास्त तापते. फोटोत दिसतं तसं वर काहीच नसलेलं मोकळं रेलिंग तिथे हवं असेल तर ६ अधिक ६ पुरत नाही. ८ अधिक ८ घ्या, किंवा मध्ये पीव्हीबीऐवजी जास्त कडक असलेला एसजीपी थर घ्या. दोन्ही महाग. टॉप रेल घेतली तर तोच प्रश्न बराच स्वस्तात सुटतो, पण मग दुपारी तिला हात लावू नका, चटका बसतो.

आमचा स्वतःचा कल सांगतो. आतल्या जिन्याला हाताशी पाइप असेल तर १२ एमएम टफन पुरे. बाल्कनी आणि गच्चीला लॅमिनेटेडच. उंची फरशीपासून साडेतीन फूट, मीटरपेक्षा कमी कधीच नाही. जिथे पुढे बाक किंवा कुंड्यांचा ओटा येणार असेल तिथे उंची त्या ओट्यापासून मोजायची, कारण पोरं त्यावर चढतात. दोन काचांमधली किंवा काचेखालची फट चार इंचांच्या आत.

आणि हेही : काच वारा अडवते. संध्याकाळी गच्चीवर वाऱ्याला बसायची, उन्हाळ्यात तिथेच अंथरूण टाकायची सवय असेल तर बसल्या उंचीला येणारी झुळूक बंद होईल. अशा घरांना आम्ही गच्चीला उभ्या गजांचं रेलिंग आणि समोरच्या बाल्कनीला काच असं सुचवतो, आमचा धंदा थोडा कमी झाला तरी. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो गजांमधून निघून जातो, काचेवर मात्र अख्खा आदळतो. हाही जोर शेवटी बोल्टांवरच.

जिन्याचं माप कधी

पायऱ्यांचा ग्रॅनाइट बसून झाल्यावर. आधी नाही. वास्तुशांतीची तारीख निघालेली असते, घाई असते, "मिस्त्री म्हणतो पाऊण इंच फरशी येणार, धरून चला" असं सांगितलं जातं. जिन्याची काच चौकोनी नसते, तिरकी असते, आणि पायऱ्या कागदावर सारख्या असल्या तरी प्रत्यक्षात दोन-तीन सूत कमीजास्त निघतातच. आम्ही प्रत्येक पॅनलचा प्लायवुडचा साचा जागेवर कापतो, लावून बघतो, मगच तो टफनला जातो. मापानंतर काच यायला साधारण दोन आठवडे धरा. मुहूर्त पक्का असेल तर तेवढे दिवस उलटे मोजून फरशीवाल्याला गाठा.

काच वर कशी न्यायची तेही तेव्हाच ठरतं. १२ एमएमची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे चार फूट बाय तीन फुटांचं पॅनल ३३ किलोचं. जुन्या पेठांतल्या अरुंद जिन्यांतून ते वळत नाही. तिथे पॅनल लहान करावे लागतात किंवा बाहेरून दोराने वर ओढावे लागतात.

स्टील

खांब, क्लॅम्प, पाइप यांना ३०४ ग्रेड सांगा. समुद्रकाठी किंवा स्विमिंग पुलाजवळ ३१६ लागतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत ३०४ भरपूर झालं. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून खपवलं जातं, ते दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस डाग धरतं. लोहचुंबक लावून यातलं काही कळत नाही, कारण २०२ लाही चुंबक नीटसा चिकटत नाही. तपासायला थेंबाचं केमिकल मिळतं, थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की २०२ वर लाल रंग येतो. आम्ही हे तुमच्यासमोर करून दाखवतो, दुसऱ्या कुणाकडून काम घेतलंत तरी त्यांना करायला लावा.

चांगल्या स्टीलचाही घात एका गोष्टीने होतो. घर ताब्यात देण्याआधी टाइल्सवरचे सिमेंटचे डाग घालवायला ॲसिड मारतात. त्याच्या नुसत्या वाफेनेही स्टीलवर गंजाचे ठिपके येतात. ॲसिडचं काम आमच्या आधी उरकून, पाण्याने भरपूर धुऊन घ्या. तसंच काच बसल्यावर जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका. ठिणगी काचेत रुतते, तो खड्डा कशानेच निघत नाही.

बसल्यानंतर

काच कुठेही थेट धातूला टेकलेली नसावी, मध्ये रबर हवं. गच्चीवरच्या चॅनेलला पाणी निघायला भोकं असतात. धुळीने आणि निंबाच्या पानांनी ती बुजतात, पाणी साचतं आणि लॅमिनेटेडची खालची कड पांढरी पडत जाते. पावसाळ्याआधी एकदा तार घालून भोकं मोकळी करा. कडेला सिलिकॉन पुन्हा भरायची वेळ आली तर न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन लॅमिनेशनची कड खातं.

बोअरचं पाणी जड असतं, काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. धुतल्यावर लगेच रबरी वायपरने ओढून घ्या. जुन्या ठिपक्यांना पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ कापडाने पुसा. घासणी नको, ॲसिड तर नकोच. ओल्या चादरी काचेवर वाळत घातल्याने रेलिंग पडणार नाही, पण डाग पडतील.

वर्षातून एकदा वरची कड धरून काच हलवून बघा. काच वाकणं वेगळं आणि चॅनेल जागेवरून हलणं वेगळं. चॅनेल हलताना दिसलं, खट् असा आवाज आला किंवा फरशीला बोल्टाजवळ भेग दिसली, तर त्या बाजूला पोरांना जाऊ देऊ नका आणि बसवणाऱ्याला त्याच दिवशी बोलवा.

कोटेशन घेताना

कुणी रनिंग फुटाने भाव सांगतं, कुणी काचेच्या चौरस फुटाने, त्यामुळे दोन कोटेशनं शेजारी ठेवून काही कळत नाही. काचेची जाडी आणि प्रकार, हीट सोक आहे की नाही, स्टीलचा ग्रेड, बोल्टाचा प्रकार आणि लांबी, वाहतूक, वर चढवण्याची मजुरी आणि टॅक्स हे सगळं कागदावर लिहून घ्या. बोल्टाची ओळ बहुतेक कोटेशनांत नसते. आमच्यात असते.

मोजमापाला बोलवाल तेव्हा आर्किटेक्टचा स्लॅबचा नकाशा हाताशी ठेवा आणि विजेची पाइप स्लॅबच्या कडेने कुठून गेली आहे ते वायरमनला विचारून खडूने खूण करून ठेवा. मोजमापाचे पैसे आम्ही घेत नाही. चाचणीचं भोक जिथे पाडू, ते जाण्याआधी बुजवून देऊ.